खेळण्यातला तराजू घ्यायचा असेल तर आधी पासंग बघा

पुण्याच्या धाकट्या मुलानं पुतणीसाठी हा तराजू ऑनलाइन मागवून पाठवला. किंमत ₹६४९. खोक्यातून प्लास्टिकची दांडी, तिला आधार देणारा खांब, दोन पारदर्शक बादल्या, ५, १० आणि २० ग्रॅमची रंगीत वजनं, तीन आकारांची रंगीबेरंगी अस्वलं आणि चित्रांच्या कार्डांची गड्डी एवढं निघालं. बादल्यांवर ५०० मिलीपर्यंत खुणा आहेत. खोक्यावर वय लिहिलंय 'दोन वर्षांपासून पुढे'. आमची ओवी साडेचार वर्षांची आहे. निकाल आधीच सांगतो. दांडी आणि बादल्या यांच्यासाठी हे पैसे द्यायला हरकत नाही. उरलेल्या सामानावर जाऊ नका.

मी बार्शीचा. वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं, पुढं ते मी चालवलं. त्यामुळं तराजू हातात आला की आधी तो रिकामा उभा करून बघायचा, ही सवय अजून गेलेली नाही. हा उभा केला तर डावी बादली जराशी खाली. म्हणजे पासंग होता. खेळणं आहे, एवढं चालायचंच, असं घरातल्या दोघांनी म्हणून बघितलं. मला ते पटत नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकाला निदान शंका तरी घेता येते. साडेचार वर्षांचं पोर तराजू जे सांगेल ते खरं धरून चालतं. तिच्या हातात खोटा काटा द्यायचा आणि वर कुठलं जड कुठलं हलकं ते शिकवायचं, हे कसं जमायचं?

या तराजूच्या दांडीखाली एक छोटी सरकपट्टी आहे. ती उजवीकडं थोडी सरकवली आणि दोन्ही बादल्या एका रेषेत आल्या. ही पट्टी आहे म्हणून मी या मालाला चांगलं म्हणतो. मोठ्या नातवाला पूर्वी कुणीतरी भेट दिलेल्या तराजूला ती नव्हती. त्याच्या एका पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवून काम भागवावं लागलं होतं आणि तो गोळा उन्हाळ्यात गळून पडायचा.

रिकामा तराजू सरळ राहिला म्हणून तो खरा, असंही समजू नका. दांडीची एक बाजू केसभर लांब असली तर रिकाम्या पारड्यांत ते लपवता येतं, माल टाकला की फरक पडतो. काटा मारणारे दुकानदार याच जागेवर कमाई करायचे. ते ओळखायची रीत सोपी आहे. एका बाजूला वाटाणे, दुसऱ्या बाजूला खडे असं काहीही टाकून काटा मध्यावर आणा. मग वाटाणे खड्यांच्या जागी आणि खडे वाटाण्यांच्या जागी टाका. काटा तरीही मध्यावर राहिला तर दांडी खरी. या तराजूत राहिला. पुढची गोष्ट, किती बारीक फरक त्याला कळतो? दोन्हीकडं पावशेराएवढी ज्वारी टाकून बघितलं. हरभऱ्याचे चार-पाच दाणे जास्त टाकले तर ढिम्म हलत नाही, एक रुपयाचं नाणं टाकलं की लगेच झुकतो. लहान मुलांना एवढं पुष्कळ झालं. याहून नाजूक काटा डुलत राहतो, थांबत नाही, आणि मूल कंटाळून उठून जातं.

आता शिकवण्याचं. आमची थोरली सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ओवीची आईच ती. खोकं उघडल्याबरोबर तिनं कार्डांची गड्डी उचलून कपाटावर ठेवली. त्या कार्डांवर मगरीचा जबडा मोठ्या आकड्याकडं उघडलेला आहे, म्हणजे लहान-मोठ्याचं चिन्ह पाठ व्हावं. सूनबाईंचं म्हणणं असं की मुलांना मगर लक्षात राहते, पण कशापेक्षा काय जास्त आहे ते राहतं बाजूला. चिन्हं पहिली-दुसरीत येतीलच. आधी दोन वस्तू हातात घेऊन, तोलून, एकीपेक्षा दुसरी जड आहे असं म्हणता आलं पाहिजे, आणि त्यासाठी एकही आकडा लागत नाही.

हे मला एकदम पटलं, कारण दुकानात मी हेच करायचो. गूळ घ्यायला आलेली बाई दोन ढेपा दोन हातांत घेऊन बघायची आणि मग सांगायची, ही द्या. वजन नंतर. म्हणून ओवीबरोबर आमचा पहिला नियम हातांचा आहे. वस्तू आधी दोन तळहातांवर घ्यायच्या, कुठली जड ते सांगायचं, आणि मगच बादलीत टाकायच्या. लिंबू आणि अक्रोड. किल्ल्यांचा जुडगा आणि तिचा चेंडू. भिजवलेले वाल आणि कोरडे वाल. चेंडू मोठा म्हणून तोच जड असणार असं ती ठामपणे सांगते, बादल्या सोडते, आणि किल्ल्या खाली जातात. तेव्हा कुणीही काही बोलायचं नाही. 'बघ, मी म्हटलं नव्हतं का', असं तर मुळीच नाही. चूक की बरोबर ते तराजूनं सांगायचं, मोठ्या माणसानं गप्प बसायचं. मोठं माणूस बोललं की मूल तराजूकडं बघायचं सोडून आपल्या तोंडाकडं बघायला लागतं. हे खेळणं घेणाऱ्या प्रत्येक आई-बापाला, आजी-आजोबाला माझं एवढं एक सांगणं आहे.

सगळ्यात जास्त वेळ लाह्या आणि ज्वारीनं खाल्ला. दोन्ही बादल्या एकाच खुणेपर्यंत भरल्या, एकीत ज्वारी, दुसरीत ज्वारीच्याच लाह्या. कुठली जास्त? ओवी म्हणाली, सारख्याच. खुणा बघून म्हणाली आणि तिचं बरोबरच होतं. तराजूवर लावल्यावर ज्वारी धाडकन खाली गेली. ती बराच वेळ बघत राहिली. मग लाह्यांच्या बादलीत आणखी लाह्या भरायला लागली. बादली शिगोशीग भरली, लाह्या फरशीवर सांडल्या, तरी ज्वारी जागची हलेना. मापानं सारखं आणि वजनानं वेगळं, ही गोष्ट तिनं स्वतः शोधली. तिला हे शब्द येत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तिनं चुरमुरे आणि शेंगदाणे मागितले.

आमच्या घरात पितळेची जुनी मापं अजून आहेत. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. लहान मुलांसाठी यापेक्षा चांगली मापं मी बघितलेली नाहीत, कारण दोनदाच ओतायचं असतं आणि दोनदा ओतलं की वरचं माप काठोकाठ भरतं. तुमच्याकडं असतील तर माळ्यावरून काढा. मोडीत घालू नका.

याच मापांवरून वडिलांची एक गोष्ट सांगतो. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं देशभर आले. लोकांचा विश्वास बसेना, नवीन किलोत आपण फसतोय असं वाटायचं. मापासारखाच वजनाचाही शेर असायचा. हा सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमच्या आसपास. वडील एका पारड्यात शेराचं वजन ठेवायचे, दुसऱ्यात किलोचं. किलो खाली जायचा. मग शेराच्या बाजूला पावणेसहा तोळे टाकून काटा मध्यावर आणून दाखवायचे. कुणालाही भागाकार करून सांगितला नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, म्हणजे किलो शेरापेक्षा एवढ्यानं मोठा, आणि समाधानानं जायचं. मी तेव्हा गल्ल्याशेजारी पोत्यावर बसलेला असायचो. नव्या-जुन्याची तुलना सगळ्या गावाला तराजूनं शिकवली, असं मी आजही मानतो.

सूनबाईंनी यावर मला एक माहिती दिली. मॉस्कोत वासिली दाविदोव आणि दानिइल एल्कोनिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ९१ क्रमांकाच्या शाळेत पहिलीच्या मुलांना आकड्यांच्या आधी अशीच तुलना शिकवून पाहिली होती. लांबी, वजन, भांड्यातलं पाणी, काय कशापेक्षा जास्त, काय कशाच्या बरोबर, आणि ते अक्षरांनी लिहायचं. संख्या नंतर येते, 'हे माप त्यात किती वेळा बसतं' या प्रश्नाचं उत्तर म्हणून. चिपट्यानं पायली मोजायची तर नेमकं हेच करायचं असतं.

'सारखं' ही गोष्ट मात्र अवघड. एक बादली खाली गेली की पोरं टाळ्या पिटतात, काटा मध्यावर आणायला त्यांना धीर नसतो. ओवीला मी एवढंच विचारतो, काय केलं तर दोन्ही एका रेषेत येतील? पहिले कित्येक दिवस तिचं उत्तर एकच, वर गेलेल्या बादलीत आणखी टाकायचं. जड बादलीतलं काढलं तरी चालतं हे तिला सुचत नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नाही. शेवटी चिंचोके संपले. टाकायला हातात काहीच नाही म्हटल्यावर तिनं पलीकडच्या बादलीतले दोन उचलले आणि दांडी सरळ झाली. त्या दिवशी घरात आलेल्या प्रत्येकाला ते करून दाखवलं, दूधवाल्यालासुद्धा.

ही गोष्ट केवढी मोठी आहे ते मला सूनबाईंनी वहीवर लिहून दाखवलं. ८ + ४ = __ + ५. त्यांच्या वर्गातली बरीच मुलं रिकाम्या जागी १२ लिहितात. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. दोन्ही बाजू तोलून बघायच्या आहेत हे कुणी दाखवलेलंच नसतं. एकीकडं बारा आणि दुसरीकडं पाच आधीच पडलेले आहेत, तर आणखी सात हवेत. तराजू हाताळलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. मी तर म्हणतो, प्रत्येक पहिलीच्या वर्गात एक तराजू टांगलेला असावा.

बादल्या पारदर्शक आहेत याचा आणखी एक उपयोग आहे. दोन्हींत एकाच खुणेपर्यंत पाणी घ्या, मुलाला विचारून सारखं असल्याची खात्री करा, मग एकीतलं पाणी उंच अरुंद पेल्यात ओता. आता कशात जास्त? ओवी पेल्याकडं बोट दाखवते. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे फार वर्षांपूर्वी मुलांबरोबर करून लिहून ठेवलंय आणि डीएडला ते सगळ्यांना अभ्यासाला असतं. सहा-सात वर्षांपर्यंत मुलं असंच सांगतात. तेव्हा तुमच्या मुलानं पेल्याकडं बोट दाखवलं तर रागावू नका, समजावत बसू नका. पाणी परत बादलीत ओता, खूण दाखवा आणि खेळ पुढं चालू द्या.

कणकेच्या उंड्यांचा खेळ तर जरूर करून बघा. दोन उंडे तराजूवर तोलून अगदी सारखे करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याची पोळी लाटा. पोळी एवढी मोठी झाली, मग ती जड झाली का? मूल जे म्हणेल ते म्हणू द्या आणि घडी घालून पोळी बादलीत ठेवा. एक खबरदारी घ्या, पिठी लावून लाटू नका. पिठी पोळीला चिकटते, काटा खरोखरच पोळीकडं झुकू शकतो आणि मग मुलाला सांगायला तुमच्याकडं तोंड राहत नाही. तेलाचं बोट लावलेल्या पोळपाटावर लाटा. वजन बदललं नाही हे डोळ्यांनी बघूनही ओवी पुढच्या वेळी पुन्हा पोळीच जड म्हणते. म्हणू दे. पाण्यापेक्षा वजनाचं हे मुलांना आणखी उशिरा पटतं असं पियाजेही सांगून गेलेत.

अस्वलांबद्दल. खोक्यावरच्या माहितीप्रमाणं सर्वांत छोटं ४ ग्रॅम, मधलं ८, मोठं १२. कल्पना उत्तम आहे. तीन छोट्यांनी एक मोठं तोललं जातं, आणि पाच छोटी तीन मोठ्यांपेक्षा हलकी, म्हणजे मोजणीनं जास्त असलं तरी वजनानं कमी. पण सगळी छोटी अस्वलं एकमेकांच्या बरोबर नाहीत. एकट्या-दुकट्याला तराजू ते झाकून नेतो. पाच-सहा एकदम टाकली की फरक उघडा पडतो आणि कार्डावर जे बरोबर दाखवलंय ते तराजूवर बरोबर येत नाही. वजन म्हणून विकायची वस्तू ओतीव हवी, एकसारखी हवी. रंग कितीही गोड असो.

त्याऐवजी घरातली नाणी घ्या. टांकसाळीतून निघणाऱ्या एका मालिकेच्या नाण्याचं वजन ठरलेलं असतं. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे, २०१९ नंतरचा नवीन रुपया ३.०९ ग्रॅमचा. म्हणून दोन्ही मिसळू नका, एकाच जातीचे वीस-पंचवीस रुपये वेगळ्या डबीत ठेवा. 'हा कांदा किती रुपयांएवढा जड?' या प्रश्नावर ओवी आता अंदाजही सांगायला लागली आहे. चिंचोके, सागरगोटे, शिंपले, बिट्ट्या हेही चालतं, पण ते एकसारखे नसतात, म्हणून जड-हलकं बघायला ते आणि मोजायला नाणी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून परिसरातल्या बिया, पानं आणि शंख-शिंपल्यांवरच मुलांना शिकवलं होतं. ₹६४९ परवडत नाहीत म्हणून कुणी हळहळू नये, यासाठी हे सांगतोय.

ज्यांना घरीच करायचाय त्यांनी सरळ पट्टी घ्यावी, तिच्या बरोबर मध्यावर पण वरच्या कडेजवळ भोक पाडून दोरीनं टांगावी आणि टोकांना सारख्या दोन वाट्या बांधाव्यात. भोक वरच्या बाजूलाच का? टांगायची जागा दांडीच्या भाराच्या वर असली तर दांडी झुकून परत सरळ होते. ती खाली गेली तर दांडी एका बाजूला कलंडते ती तिथंच पडते. फारच वर घेतली तर आळशी होते, थोड्या फरकाला हलत नाही. कपड्याच्या हँगरवरही तराजू होतो, फक्त वाट्या घसरणार नाहीत अशा खाचा त्याला हव्यात.

घरात डिजिटल काटा आहे, मग याची काय गरज, असं शेजाऱ्यांनी विचारलं. दुकानात शेवटी मीही तोच वापरला, धंद्याला तो चांगला. पण त्यावर एका वेळी एकच वस्तू ठेवायची आणि आकडा वाचायचा. ज्या मुलाला ३४० आणि ४३० यांतला फरक अजून कळत नाही त्याला तो आकडा काय सांगणार? इथं दोन वस्तू समोरासमोर असतात आणि फरक डोळ्यांना दिसतो.

टिकाऊपणाचं मध्यम आहे. दांडी खांबावर जिथं टेकते ती जागा प्लास्टिकची आहे. तिथं वाळू गेली की काटा अडखळतो, म्हणून वाळू-मातीचा खेळ झाल्यावर ती खाच कोरड्या ब्रशनं पुसा. तेल घालू नका, धूळ धरते. बादल्यांच्या कड्या मजबूत निघाल्या. ५ ग्रॅमची वजनं मात्र एवढी बारीक आहेत की खोक्यावर दोन वर्षांचं वय लिहायला नको होतं. तोंडात घालणारं मूल घरात असेल तर ती वजनं, नाणी आणि चिंचोके सगळं उंचावर ठेवा आणि त्याच्या हातात लिंबं-बटाटे द्या.

तराजू आला की परत करायची मुदत संपायच्या आत रिकामा उभा करून आणि अदलाबदल करून तपासा, सरकपट्टी नसलेला घेऊ नका. आणि बनवणाऱ्यांना एक विनंती आहे. अस्वलं आणि कार्डं काढून टाका, टेकायची जागा धातूची करा आणि नुसती दांडी नि दोन बादल्या विका. असा तराजू कुणी आत्ताच विकत असेल तर इथं कळवा, सूनबाईंच्या शाळेसाठी मला सहा घ्यायचे आहेत.